अष्टकोनी छताखाली

टोक्योच्या कितानोमारू उद्यानातलं निप्पोन बुडोकान लांबून एखाद्या मंदिरासारखं भासतं. वास्तुकार मामोरू यामादा यांनी तो भास जाणूनबुजून साधला होता. नारा प्रांतातल्या होर्यू-जी मठातलं अष्टकोनी युमेदोनो मंदिर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. १९४५च्या पराभवानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात शाळांमधले ज्युदो आणि केन्दो बंद झाले होते. त्याच युद्धविद्यांसाठी राजवाड्याला लागून सभागृह उभं राहणं ही जपानच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. ३ ऑक्टोबर १९६४ला ते खुलं झालं, तेव्हा टोक्यो ऑलिंपिकला जेमतेम आठवडा उरला होता.

त्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा पहिल्यांदाच समावेश झाला होता. वजनी गटांतली तिन्ही सुवर्णपदकं जपानने जिंकली. खुल्या गटाची अंतिम लढत २३ ऑक्टोबरला होती. तीत जवळजवळ दोन मीटर उंचीच्या डच आंटोन खेसिंकने अकिओ कामिनागाला जमिनीवर दाबून धरलं आणि सुटू दिलं नाही. प्रेक्षक सुन्न झाले. आनंदाच्या भरात डच पाठीराखे मॅटकडे धावले, तर खेसिंकने हात वर करून त्यांना थोपवलं आणि रीतीप्रमाणे प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार केला. जपानला हरवणाऱ्यानेच जपानची शिस्त पाळली. ज्युदो जगाचा झाला तो याच क्षणी, असं मला ठामपणे वाटतं.

दोन वर्षांनी बीटल्स आले. युद्धविद्यांच्या वास्तूत गिटारी वाजणार म्हणून उजव्या गटांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. बुडोकानचे अध्यक्ष मात्सुतारो शोरिकी यांनीही नाराजी बोलून दाखवली. दौऱ्याचं प्रायोजकत्व मात्र त्यांच्याच 'योमिउरी' वृत्तपत्राकडे होतं. ३० जून ते २ जुलै १९६६ या तीन दिवसांत कडक पोलीस बंदोबस्तात पाच कार्यक्रम झाले. प्रेक्षकांना जागेवरून उठायची मुभा नव्हती. एवढ्या वादातून वाट मोकळी झाली. डीप पर्पल, बॉब डिलन, चीप ट्रिक यांच्या इथल्या मैफलींची ध्वनिमुद्रणं जगभर गेली. जपानी गायकांच्या दृष्टीने तर बुडोकानला गायला मिळणं म्हणजे मोठा टप्पा गाठणं. १९७६मध्ये मुहम्मद अली आणि कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी इथेच १५ फेऱ्या झुंजले आणि सामना बरोबरीत सुटला. अशा तमाशांमुळे वास्तू बाटली नाही. राष्ट्रीय केन्दो स्पर्धा आजही ३ नोव्हेंबरला इथेच रंगते.

१५ ऑगस्टला मात्र या छताखाली वेगळंच काही घडतं. युद्धात मेलेल्या सुमारे ३१ लाख जपान्यांसाठी सरकारी स्मरणसभा भरते. १९६४ साली ती यासुकुनी देवळात झाली होती. पुढच्या वर्षापासून ती समोरच्याच बुडोकानमध्ये आली. सम्राट येतात आणि भर दुपारी बाराला सारे एक मिनिट स्तब्ध उभे राहतात.

माजी पंतप्रधान शिगेरू योशिदा यांचा शासकीय अंत्यविधी १९६७ साली इथेच झाला होता, आणि २७ सप्टेंबर २०२२ला शिंझो आबे यांचाही. त्या दिवशी फुलं वाहायला आलेल्यांच्या रांगा लांबवर गेल्या होत्या. सरकारी खर्चाने हा मान आबे यांना द्यावाच का, असा जाब विचारत हजारो लोक त्याच शहरात मोर्चे काढत होते.