लेजर मिटवण्यापूर्वी

बँकेत संगणक असणे याचे आता कुणाला नवल नाही. परंतु तो येतो कसा, हे सभासद बंधू-भगिनींनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. उद्या तुमच्या कचेरीत वा पतसंस्थेत नवी पद्धती येईल तेव्हा ते उपयोगी पडेल.

बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार १९८३ साली झाला, व १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. संगणक नोकऱ्या खाईल ही तेव्हाची भीती अगदीच खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. प्रथम लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, मग शाखेपुरते संगणक, आणि २००० नंतर सर्व शाखांना एका मध्यवर्ती संगणकाशी जोडणारी कोअर बँकिंग पद्धती.

आमची शाखा तालुक्याच्या गावची. ती थेट लेजरवरून या पद्धतीत गेली. यंत्रे मांडली, वायरी ओढल्या की झाले, असे पुष्कळांना वाटले. खरे काम त्याआधीचे. प्रत्येक लेजरातील शिलकांची बेरीज जनरल लेजरशी जुळलीच पाहिजे. आमच्या एका बचत लेजरात ६०० रुपयांचा फरक वर्षानुवर्षे पुढे ओढला जात होता. तो शोधण्यात तीन रविवार गेले. कुणीतरी ७०० चा आकडा १०० वाचला होता, एवढेच!

खातेदाराचा लाभ मात्र मोठा झाला. पूर्वी बचत खात्यावर व्याज मिळे ते महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर. महिनाभर दहा हजार ठेवून २८ तारखेस साडेनऊ हजार काढले, तर व्याज फक्त पाचशेवर. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मिळू लागले. हाताने असा हिशेब कोण करणार होते? आम्हांस तर सहामाही व्याजाच्या रात्रीच पुरे होत.

परंतु लेजरातले सगळेच संगणकात जात नाही. आमचे जुने सहकारी समासात पेन्सिलीने खुणा करीत : ‘अंगठा’, ‘मुलगा सोबत येतो’, ‘पेन्शन’. अशा खुणांसाठी नव्या पद्धतीत रकानाच ठेवलेला नव्हता. एकाच नावाच्या, एकाच गावच्या दोन आजी आमच्या खातेदार होत्या. जुन्या क्रमांकांना नवे क्रमांक देताना दोघींची अदलाबदल झाली. पेन्शनवाल्या आजी दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा आम्ही पडद्याकडे पाहून सांगितले, “आजी, पैसे जमा नाहीत.” त्या काही न बोलता परत गेल्या. तिसऱ्या खेपेस एका शिपाईमामांनी माळ्यावरून लेजर काढून आणले. पान उघडले तर समासात लिहिलेले : ‘पेन्शन. डावा अंगठा. कपाळावर गोंदण.’ आजी समोरच उभ्या होत्या. गोंदणाकडे पाहिले आणि आमची मान खाली गेली.

पैसे त्याच दिवशी त्यांच्या खाती वळते केले. अंगठा लावणाऱ्या सर्व खातेदारांची छायाचित्रे संगणकात जोडून घेण्यास पुढे चार महिने लागले. तोवर ती लेजरे आम्ही माळ्यावर परत जाऊ दिली नाहीत. काउंटरमागच्या बाकावरच ठेवली होती.