अणुरचना

मूलद्रव्याचे रासायनिक गुणधर्म ज्यात कायम राहतात अशा त्याच्या सर्वांत लहान कणास अणू म्हणतात व अणूतील घटक कणांच्या मांडणीस अणुरचना म्हणतात. माध्यमिक शाळेत शिकविली जाणारी ही रचना व्यवहारात किती निर्णायक ठरते, हे पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) बोईसरजवळच्या तारापूर अणुविद्युत् केंद्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

घटक कण : जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये ऋण विद्युत् भारित इलेक्ट्रॉनाचा शोध लावला. अणूचा सर्व धन भार व जवळजवळ सर्व द्रव्यमान मध्यभागीच्या अतिसूक्ष्म अणुकेंद्रात एकवटलेले असते, असे अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये दाखविले. अणुकेंद्रात धन भारित प्रोटॉन व भाररहित न्यूट्रॉन असतात. यांपैकी न्यूट्रॉनाचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची द्रव्यमाने जवळजवळ सारखी असून इलेक्ट्रॉनाचे द्रव्यमान प्रोटॉनाच्या सु. १/१८३६ असते. अणुकेंद्र १ सेंमी. व्यासाचे मानले, तर अणूचा व्यास १०० ते १,००० मी. भरेल.

इलेक्ट्रॉन कवचे : नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार इलेक्ट्रॉन ठराविक ऊर्जेच्या कक्षांतच राहू शकतात. पुढे पुंजयामिकीने निश्चित कक्षांची कल्पना बदलली; तथापि कवचांची कल्पना उपयुक्त राहिली. कवचांत अनुक्रमे जास्तीत जास्त २, ८, १८, ३२ इलेक्ट्रॉन मावतात. सर्वसाधारणपणे सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन रासायनिक बंधात भाग घेतात. ऑक्सिजनाच्या ८ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ६ अशी असल्याने बाह्य कवचात दोहोंची उणीव राहते. ती दोन हायड्रोजन अणूंच्या सहभागाने भरून निघते व पाण्याचा रेणू बनतो.

समस्थानिके : प्रोटॉनांच्या संख्येस अणुक्रमांक म्हणतात व तिच्यावरून मूलद्रव्य ठरते. प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमीअधिक असलेल्या अणूंना समस्थानिके म्हणतात. युरेनियमाच्या प्रत्येक अणूत ९२ प्रोटॉन असतात. मात्र युरेनियम-२३५ मध्ये १४३ व युरेनियम-२३८ मध्ये १४६ न्यूट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनांची मांडणी एकच असल्याने दोहोंचे रासायनिक वर्तन जवळजवळ सारखे असते व नेहमीच्या रासायनिक पद्धतींनी ती अलग करता येत नाहीत. मंदगती न्यूट्रॉनांनी भंजन मात्र युरेनियम-२३५ चेच सहज होते आणि नैसर्गिक युरेनियमात त्याचे प्रमाण केवळ ०·७२% असते.

तारापूर येथील विक्रियक : १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन विक्रियकांत साधे पाणी वापरण्यात आले. साध्या हायड्रोजनाच्या अणुकेंद्रात एकच प्रोटॉन असतो व तो काही न्यूट्रॉन शोषून घेतो. ही तूट भरून काढण्यासाठी युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढविलेले, म्हणजे समृद्ध, इंधन लागते. ते अमेरिकेतून येत असे. १९७४ मधील पोखरण येथील चाचणीनंतर या पुरवठ्यात अडथळे आले व १९८० नंतरच्या दशकात ते फ्रान्सकडून घ्यावे लागले.

२००५ व २००६ मध्ये सुरू झालेल्या प्रत्येकी ५४० मेगॅवॉट क्षमतेच्या चौथ्या व तिसऱ्या विक्रियकांत जड पाणी योजिले आहे. त्यातील ड्यूटेरियमाच्या अणुकेंद्रात प्रोटॉनाबरोबर एक न्यूट्रॉन आधीच असतो. त्यामुळे जड पाणी न्यूट्रॉनांचा वेग मंद करते, पण ते साध्या पाण्याच्या कित्येक शेपट कमी न्यूट्रॉन शोषते. परिणामी नैसर्गिक युरेनियमावरच शृंखला विक्रिया चालू राहते व समृद्ध इंधनासाठी परदेशांवर अवलंबून राहावे लागत नाही. मात्र निसर्गात सु. ६,५०० हायड्रोजन अणूंमागे ड्यूटेरियमाचा एकच अणू आढळत असल्याने जड पाणी वेगळे करणे खर्चाचे असते.