वीज साठवणारी महाकाय बॅटरी गावाशेजारी आली तर? निफाडसारख्या तालुक्याने काय विचारायला हवं?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की द्राक्ष बागायतदारांची झोप उडते. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या जातात, ठिबकने पाणी सोडलं जातं. पाण्यासाठी वीज हवी, पण सौर वीज पहाटे मिळत नाही. म्हणूनच ‘दिवसाची वीज साठवता येईल का?’ हा प्रश्न इथे जिव्हाळ्याचा आहे.

ही बॅटरी म्हणजे नेमकं काय?

मालवाहू कंटेनरसारख्या पेट्यांमध्ये हजारो लिथियम-आयन सेल बसवलेले असतात. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा बॅटरी चार्ज होते. संध्याकाळी मागणी वाढली की ती वीज ग्रीडमध्ये सोडते. १०० युनिट भरले तर साधारण ८५ युनिट परत मिळतात. निविदांमध्ये याला ‘बीईएसएस’ म्हणतात. देशातली अशी पहिली मोठी बॅटरी २०१९ मध्ये दिल्लीतील रोहिणी इथे सुरू झाली. तिची क्षमता १० मेगावॉट आहे.

महाराष्ट्राला वीज साठवणं तसं नवं नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प पाणी वर चढवून आणि पुन्हा खाली सोडून हेच काम करतो.

मग शेतीपंपाला रात्री-पहाटे वीज मिळेल?

इथे दोन आकडे नीट वाचायला हवेत. मेगावॉट म्हणजे एका वेळी किती वीज देता येते, तर मेगावॉट-तास म्हणजे एकूण साठा किती. ५ मेगावॉट आणि १० मेगावॉट-तासांची बॅटरी ढोबळ हिशेबाने ५ अश्वशक्तीचे सुमारे १,३०० पंप चालवेल, पण फक्त दोन तास. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत ती रिकामी झाली तर पहाटे चार वाजता तिच्यात काहीच उरणार नाही.

शेतीपंपांना दिवसा वीज द्यायला मात्र बॅटरीची गरजच नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० याचसाठी आहे. बिबट्याच्या धास्तीत रात्री उसाला पाणी भरणाऱ्यांचा प्रश्न त्यातूनच सुटू शकतो. बॅटरीचं मुख्य काम म्हणजे संध्याकाळची मागणी भागवणं आणि ग्रीड स्थिर ठेवणं. त्यामुळे ‘बॅटरी आली म्हणजे गावाला चोवीस तास वीज’ हे गृहीत धरू नये.

आग लागली तर?

ही भीती निराधार नाही. एक सेल तापला की शेजारचा तापतो आणि साखळी सुरू होते. १६ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग इथल्या बॅटरी केंद्राला आग लागली. हजाराहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. जवळच्या एल्खॉर्न स्लू पाणथळीच्या मातीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचं प्रमाण वाढल्याचं संशोधकांना आढळलं. तो परिसरही शेतीचा आहे. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ आहे, हे लक्षात घेतलं तर ही घटना फार लांबची वाटत नाही.

पण दोन फरक महत्त्वाचे आहेत. तिथल्या बॅटऱ्या एकाच इमारतीत दाटीने ठेवल्या होत्या आणि त्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या होत्या. आता बहुतेक नवे प्रकल्प लिथियम-लोह-फॉस्फेट सेल वापरतात आणि कंटेनर उघड्यावर, अंतर राखून ठेवतात. या सेलमध्ये निकेल-कोबाल्ट नसतं आणि ते सहज पेटत नाहीत. तरीही धोका शून्य होत नाही. बंद कंटेनरमध्ये ज्वलनशील वायू साचू शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अशाच स्फोटात अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले होते.

फायदा कोणाला?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॉट-तास बॅटरी प्रकल्पांसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मंजूर केली. अट अशी, की प्रकल्पाची किमान ८५ टक्के क्षमता वीज वितरण कंपन्यांना मिळावी. म्हणजे वीज वितरण कंपनीकडे येईल, पण ती त्याच तालुक्यात वापरली जाईल असं नाही. स्थानिकांना काय मिळणार, हे आधीच लेखी ठरवून घ्यावं लागतं. तुलनेसाठी, सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलेलं आहे.

ग्रामसभेत विचारण्यासारखे प्रश्न

- सेल कोणत्या प्रकारचे आहेत? आग एका कंटेनरमधून दुसऱ्यात पसरते का, याची चाचणी झाली आहे का? अहवाल मराठीत मिळेल का?
- घरं, बागा, विहिरी आणि पाणथळ यांच्यापासून अंतर किती?
- जवळच्या अग्निशमन दलाला प्रशिक्षण कोण देणार? आग विझवताना वापरलेलं पाणी ओढ्यात जाऊ नये यासाठी काय सोय आहे?
- थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा आवाज रात्री किती असेल?
- पिकाचं नुकसान झालं तर भरपाई कोण, किती दिवसांत देणार?
- बॅटरीचं आयुष्य संपल्यावर ती कोण उचलणार? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ही जबाबदारी उत्पादकाची आहे. आयात करणारेही त्यात आले.
- थंडीच्या लाटेत पहाटेसाठी काही साठा राखून ठेवता येईल का?

शेवटचा प्रश्न निविदांच्या ठरलेल्या साच्यात बसणारा नाही. पण बॅटरी केव्हा भरायची आणि केव्हा रिकामी करायची, हे यंत्र ठरवत नाही, करार ठरवतो. म्हणून हा प्रश्न करारावर सही होण्याआधीच विचारायला हवा.