गाळातील गलबत : स्पर्शाने वाचावयाची संहिता

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. वॉटसन व क्लाइव्ह यांच्या मोहिमेला पेशव्यांची साथ होती, ही गोष्ट मराठी इतिहासलेखनाला दीर्घकाळ सलत आली आहे. आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून हस्तगत केलेल्या 'रिस्टोरेशन' या जहाजावर गोळा पडला आणि तेथून आग शेजारच्या गुराबांवर पसरली, असे इंग्रजी वृत्तांत सांगतात. 'केंट' या जहाजावरील शल्यविशारद एडवर्ड आइव्ह्ज याचे प्रवासवर्णन (१७७३) हा त्यांतील एक प्रमुख आधार. इंग्रजी लेखनात आंग्रे 'चाचे' ठरतात. मराठी कागदपत्रांत तेच घराणे 'सरखेल' ही पदवी धारण करते. दोन भाषांतील या दोन शब्दांच्या कात्रीत सापडलेले आरमार प्रत्यक्षात कसे होते, याची तिसरी साक्ष असलीच तर ती वाघोटण खाडीच्या मुखाशी गाळात असणार. अशी साक्ष कशी मिळवतात, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण ती रीत पाठचिकित्सेच्या फार जवळची आहे.

आग लागलेले लाकडी जहाज बहुधा पाण्याच्या रेषेपर्यंतच जळते. खालचा भाग, म्हणजे कणा, फासळ्या, तळफळ्या आणि जहाज स्थिर राहावे म्हणून भरलेले नीरमाचे दगड, तळाशी जाऊन हळूहळू रुततो. गाळात प्राणवायू जवळजवळ पोचत नाही आणि लाकूड पोखरणाऱ्या सागरी जीवांना तेथे जगता येत नाही. जो चिखल डोळ्यांना आंधळे करतो, तोच लाकूड राखतो.

शोधाची पहिली पायरी यंत्रांची असते. ध्वनिलहरींनी तळाचे चित्र घेणाऱ्या सोनारला गाळावर उघडे असलेले तेवढेच दिसते. चुंबकत्वमापकाला तोफा, नांगर, खिळे अशा लोखंडाची चाहूल लागते. निव्वळ लाकडाची नाही. गाळाच्या आत शिरणाऱ्या ध्वनिलहरी लाकडाचा मागमूस देऊ शकतात, परंतु कुजत्या सेंद्रिय द्रव्यातून गाळात वायू साठला असेल तर त्यांची वाट तेथेच अडते. पश्चिम किनाऱ्यालगत असे वायुयुक्त गाळाचे पट्टे आहेत. म्हणून लांब, बारीक सळई ठरावीक अंतरावर हलक्या हाताने गाळात खुपसून पाहण्याची जुनी पद्धत टिकून आहे. सळई लाकडाला लागली की दगडाला, हे अनुभवी हाताला कळते.

त्यानंतरचे काम माणसाचे. गढूळ पाण्यात दिवा निरुपयोगी, कारण प्रकाश गाळाच्या कणांवरून परतून डोळ्यांतच येतो. तळावर नळ्यांची चौकट रोवतात, दोऱ्यांना मोजून गाठी मारतात, मोजपट्टीवर खाचा पाडतात. अंतर वाचायचे नसून चाचपायचे असते. स्थिर खुणांपासून प्रत्येक वस्तूची अंतरे घेतली जातात आणि गाळ शोषक नळीने थोडाथोडा उपसून वर चाळणीत तपासला जातो. पाणबुड्या बोटांना जे लागते ते तारेवरून बोलत राहतो आणि वर बसलेला सहकारी ते लिहितो, रेखाटतो. आराखडा अशा रीतीने एकाचा स्पर्श, त्याचेच बोलणे आणि दुसऱ्याचे लेखन या तीन टप्प्यांतून घडतो. अशा कामाची ताकद पाहायची तर स्टॉकहोमचे 'वासा' पाहावे. १६२८ मध्ये बुडालेल्या या जहाजाखालून पाणबुड्यांनी अंधारात सहा बोगदे खणले आणि १९६१ मध्ये ते वर आणले गेले.

येथे संहितेशी असलेले साम्य संपते, आणि खरा प्रश्न सुरू होतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या एखाद्या पाठाबद्दल शंका आली तर हस्तलिखितांकडे परतता येते. उत्खननात असे परतणे नाही. उपसलेला थर पुन्हा रचता येत नाही. अंधारात ऐकलेला शब्द चुकीचा टिपला गेला, तर मूळ प्रत नष्ट होऊन केवळ अपपाठ उरतो. म्हणूनच एकाच भागाची मोजणी दोन पाणबुड्यांकडून स्वतंत्रपणे करवून घेणे हा खर्चिक उपचार न मानता पुराव्याची किमान अट मानली पाहिजे. दुसरा मार्ग भिंतीचा. टेक्सासच्या मॅटागोर्डा उपसागरात १६८६ मध्ये बुडालेल्या 'ला बेल'भोवती १९९६ मध्ये पोलादी बांध घालून पाणी उपसले गेले आणि खोदकाम उघड्या डोळ्यांनी झाले. हा खर्च थोड्यांनाच परवडतो.

भारतात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा जलांतर्गत पुरातत्त्व विभाग २००१ मध्ये स्थापन झाला, तोही समुद्रापासून शेकडो मैल दूर दिल्लीत. त्याने २००२ मध्ये लक्षद्वीपातील बंगाराम बेटाजवळ 'प्रिन्सेस रॉयल' या जहाजाचे उत्खनन केले. गोव्याजवळ सुंची खडकावरील सतराव्या शतकातील जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अभ्यासले. त्यांत हस्तिदंत व चिनी मातीची भांडी मिळाली. ही दोन्ही स्थळे प्रवाळाची वा खडकाची. खाडीच्या गाळाचे व्याकरण वेगळे.

विजयदुर्गाला लाकूड हाती लागले, तर ते पाण्याबाहेर वाळू देता येणार नाही. 'वासा'वर मेणासारख्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलची फवारणी १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षे चालली. तेवढी तयारी नसेल तर सांगाडा मोजून पुन्हा गाळाखाली झाकणेच शहाणपणाचे. आणि पाणबुड्याच्या बोटांना फळी लागलीच, तरी पहिला पेच ओळखीचा असेल : सांधे कसे, खिळे कसले, लाकूड सागवान की अन्य, आणि हे गलबत आंग्र्यांच्या गोदीतले, की कंपनीच्या सेवेतून आंग्र्यांकडे आलेले आणि अखेर इंग्रजांच्याच गोळ्याने पेटलेले 'रिस्टोरेशन'?