मृगशृंगक्षार आणि स्वीडिश बिस्किटे : एका जुन्या फुलविणाऱ्या द्रव्याचा परामर्श

प्रास्ताविक

घरी आलेल्या पाहुण्यांपुढे कॉफीसोबत सात प्रकारची बिस्किटे ठेवावीत, असा शिष्टाचार स्वीडनमध्ये दीर्घकाळ रूढ होता. १९४५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या तेथील एका लोकप्रिय पाककृतिसंग्रहाचे शीर्षकच 'सात प्रकारची बिस्किटे' अशा अर्थाचे आहे. या बिस्किटांपैकी 'ड्रोम्मार' म्हणजे 'स्वप्ने' या नावाचे बिस्किट विशेष अभ्यसनीय आहे. फिकट रंगाचे आणि वरून किंचित तडकलेले हे बिस्किट इतके खुसखुशीत असते की जिभेवर ठेवताच विरघळते. या गुणाचे श्रेय केवळ लोण्याच्या मोहनाला देता येत नाही. ते 'युर्टहूर्नसाल्ट' नावाच्या एका जुन्या द्रव्याकडे जाते. या नावाचा शब्दशः अर्थ हरणाच्या शिंगाचा क्षार असा होतो. प्रस्तुत लेखात त्यास 'मृगशृंगक्षार' असे संबोधिले आहे. हा क्षार पदार्थात स्वतःचा कोणताही अवशेष ठेवीत नाही, अशी त्याची ख्याती आहे. ही ख्याती कितपत खरी आहे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू होय.

शिंगापासून कारखान्यापर्यंत

हे नाव आलंकारिक नाही. हरणाची शिंगे बंद पात्रात, हवेचा संपर्क टाळून तापविली असता त्यांतील प्रथिनांचे विघटन होते आणि अमोनिया, कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर पडते. हे वायू थंड होताना पात्राच्या गार भागावर अमोनियम कार्बोनेटाचे पांढरे स्फटिक जमतात. आयुर्वेदातील मृगशृंगभस्म याच शिंगापासून तयार होते. मात्र तेथे उडून जाणारा भाग सोडून देऊन मागे राहणारी राख औषध म्हणून घेतली जाते, तर युरोपात नेमका उडणारा भागच धरून ठेवला गेला. एकाच द्रव्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी मनोरंजक आहेत. आज मात्र या क्षारासाठी कोणत्याही प्राण्याच्या शिंगाची गरज उरलेली नाही. अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्या संयोगातून तो कारखान्यात तयार होतो. बाजारात मिळणारे द्रव्य प्रामुख्याने अमोनियम बायकार्बोनेट असते आणि युरोपीय खाद्यद्रव्यांच्या यादीत त्याचा क्रमांक ५०३ आहे.

विघटनाचे गणित

खाण्याचा सोडा नुसता तापविला असता त्याच्या दोन रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचा एकच रेणू मिळतो आणि पदार्थात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, शिल्लक राहतो. सोडा जास्त पडलेल्या नानकटाईला येणारी साबणासारखी चव याच अवशेषाची असते. अमोनियम बायकार्बोनेटाचे मात्र संपूर्णपणे वायूंत रूपांतर होते. त्याचा प्रत्येक रेणू अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांचा एकेक रेणू देतो. चार ग्रॅम क्षाराचे पूर्ण विघटन झाल्यास १०० अंश सेल्सिअस तापमानाला, वाफ वगळूनही, सुमारे तीन लिटर वायू मिळतो. तितक्याच वजनाच्या सोड्यापासून, आम्लाची जोड नसल्यास, जेमतेम पाऊण लिटर कार्बन डायऑक्साइड मिळतो. शिवाय मृगशृंगक्षाराला आम्लाची गरजच नसते, कारण सुमारे ६० अंशांवर त्याचे विघटन वेगाने होऊ लागते. त्यामुळे बिस्किटाचा पृष्ठभाग कडक होण्यापूर्वीच आतील पीठ फुलून येते.

येथे एक मर्यादा ध्यानी घेणे आवश्यक आहे. अमोनिया पाण्यात अत्यंत विद्राव्य आहे. केक किंवा पाव यांसारख्या जाड व ओलसर पदार्थात तो अडकून राहतो आणि पदार्थ खाण्यायोग्य राहत नाही. पातळ व कोरडे बिस्किट भाजताना मात्र पाण्याबरोबर अमोनियाही निघून जातो. म्हणूनच या क्षाराचे क्षेत्र बिस्किटांपुरते सीमित राहिले.

ड्रोम्मारची कृती साधी आहे. सुमारे १०० ग्रॅम लोणी आणि तीन डेसिलिटर साखर एकत्र फेसून त्यात एक डेसिलिटर तेल व थोडी व्हॅनिला साखर मिसळतात. चार डेसिलिटर मैद्यात एक छोटा चमचा बारीक कुटलेला क्षार घालून तो मैदा त्यात मिळवितात आणि गोळे करून १५० अंशांच्या भट्टीत सुमारे वीस ते पंचवीस मिनिटे भाजतात. कच्चे पीठ चाखू नये. भट्टी उघडताना चेहरा दूर ठेवावा, कारण त्या क्षणी अमोनियाचा झोत डोळ्यांना झोंबतो. क्षाराची बाटली घट्ट बंद ठेवावी लागते, अन्यथा काही महिन्यांत ती आपोआप रिकामी होते.

अवशेष नाही, परिणाम आहे

१९९७ मध्ये दक्षिण स्वीडनमधील हालांद्सोस येथे रेल्वे बोगद्याच्या कामात गळती रोखण्यासाठी वापरलेल्या द्रव्यातून अॅक्रिलामाइड पाण्यात मिसळले. त्यामुळे मासे मेले आणि गायींना पक्षाघात झाला. कामगारांच्या रक्ताची तपासणी करताना तुलनेसाठी घेतलेल्या, बोगद्याशी संबंध नसलेल्या व्यक्तींच्या रक्तातही अॅक्रिलामाइडच्या खुणा आढळल्या. या खुणांचा उगम शोधताना संशोधकांची दृष्टी अन्नाकडे वळली. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनचे अन्नप्रशासन आणि स्टॉकहोम विद्यापीठ यांनी जाहीर केले की तळलेल्या व भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत हे द्रव्य तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्यास मानवात बहुधा कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांच्या गटात ठेवले होते.

पिठातील अॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि ग्लुकोज, फ्रुक्टोज यांसारख्या शर्करा यांच्या अभिक्रियेतून अॅक्रिलामाइड तयार होते. अमोनिया त्यात घटक म्हणून शिरत नाही. परंतु बाहेर पडता पडता तो शर्करांशी अभिक्रिया करून अधिक क्रियाशील संयुगे निर्माण करतो आणि ही संयुगे अॅस्परॅजिनवर तुटून पडतात. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मसालेदार मधाच्या बिस्किटांत या क्षाराऐवजी सोडा वापरला, तेव्हा अॅक्रिलामाइडचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमानेही उत्पादकांना असा बदल विचारात घेण्यास सांगितले आहे. त्याच नियमात साध्या बिस्किटांसाठी किलोमागे ३५० मायक्रोग्रॅम, तर मसालेदार मधाच्या बिस्किटांच्या वर्गासाठी ८०० मायक्रोग्रॅम असा मानदंड आहे. हे अंतर पुरेसे बोलके आहे.

यावरून मृगशृंगक्षार सरसकट त्याज्य ठरविणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. मध किंवा काकवीसारखा पाक असलेल्या आणि गडद भाजल्या जाणाऱ्या पदार्थांत सोड्याचा पर्याय स्वीकारणेच इष्ट होय, कारण मसाल्यांच्या तीव्र चवीत सोड्याचा अवशेष झाकला जातो. ड्रोम्मारमध्ये केवळ पांढरी साखर असते, जिच्यात मुक्त ग्लुकोज व फ्रुक्टोज जवळजवळ नसतात. भट्टीचे तापमान कमी असते आणि बिस्किट तांबूस होण्याआधीच काढले जाते. तेथे धोका तुलनेने कमी असावा आणि जुन्या कृतीला धक्का लावण्याचे कारण दिसत नाही. आपल्याकडील बिस्किट उद्योगात मात्र अमोनियम बायकार्बोनेट आणि इन्व्हर्ट साखरेचा पाक अनेकदा एकाच पिठात येतात. घरोघरी मुले ती बिस्किटे रोज चहात बुडवून खातात, तेव्हा प्रथम तपासावयाचे ते हेच पीठ होय.