गडचिंचले ते सालवड: व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा थांबवता येते का? विद्यापीठांचं संशोधन काय सांगतं?

१६ एप्रिल २०२०ची रात्र. देशभर लॉकडाऊन सुरू होता. कांदिवलीहून एका अंत्यविधीसाठी सुरतला निघालेल्या दोन साधूंची गाडी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ अडवली गेली. बघता बघता मोठा जमाव जमला. पोलीस पोहोचले, तरी दोन्ही साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशा तिघांचा जमावाने जीव घेतला.

त्याआधीचे काही दिवस या भागात अफवांना ऊत आला होता. रात्री चोर फिरताहेत, मुलं पळवणारी टोळी आली आहे, माणसांच्या किडन्या काढून नेतात, असं बोललं जात होतं. दोनच दिवस आधी याच परिसरात एका डॉक्टरच्या गाडीवरही जमावाने हल्ला केला होता.

एकाच घटनेत दोन अफवा

पहिल्या अफवेने तीन जीव घेतले. दुसरी त्यानंतर सुरू झाली, आणि ती पालघरपुरती राहिली नाही.

हल्ल्याचे व्हिडिओ देशभर फिरले. त्यातल्या एका क्लिपमध्ये ‘मार शोएब मार’ असं ऐकू येतं, असा दावा करून घटनेला हिंदू-मुस्लीम रंग दिला गेला. फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी आवाज तपासला, तेव्हा तिथे कुणीतरी ‘ओय बस’ म्हणत असल्याचं दिसलं. २२ एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लीम नसल्याचं सांगितलं. पण तोवर ती क्लिप लाखो फोनवर पोहोचली होती.

म्हणजे भीतीतून जमाव तयार करणारी अफवा स्थानिक होती, आणि त्या घटनेबद्दल लोकांचं मत बनवणारी अफवा देशव्यापी. अफवा पसरते कशी आणि ती लोकमत कसं घडवते, या दोन्ही प्रश्नांवर गेल्या काही वर्षांत विद्यापीठांमध्ये बराच अभ्यास झाला आहे.

संशोधक व्हॉट्सअ‍ॅपकडे का वळले?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारण्यात आलं. भिक्षा मागायला आलेली ही माणसं मूळची मंगळवेढ्याकडची. त्याच काळात देशात इतरत्रही अशा घटना घडत होत्या. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. जगभरातल्या २० संशोधक गटांना अभ्यासासाठी निधीही दिला.

त्यातला एक अभ्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांचा. महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या लोकांशी बोलून त्यांनी २०१९मध्ये अहवाल दिला. ‘अडाणी माणसं अफवा पसरवतात’ हा समज त्यात टिकला नाही. तंत्रज्ञान चांगलं येणारेही असे मेसेज पुढे ढकलत होते. मेसेज खरा आहे का, यापेक्षा तो कुणी पाठवला आणि आपल्या मनात आधीच असलेल्या समजाला, पूर्वग्रहाला तो जुळतो का, हे जास्त महत्त्वाचं ठरत होतं.

किती खोटं आणि कसलं खोटं?

किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी २०१९च्या लोकसभा निवडणुकीआधीच्या काळातले भारतातले हजारो राजकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अभ्यासले. त्यांनी तपासलेल्या फोटोंपैकी साधारण १३ टक्के फोटो खोटी माहिती देणारे निघाले. त्यात जुने फोटो नवे म्हणून फिरवणं हा एक मोठा प्रकार होता. फोटो खरा असतो, पण तारीख आणि जागा खोटी असते.

अर्धवट संदर्भाचा वाद पालघरला नवा नाही. मे २०१८च्या लोकसभा पोटनिवडणुकीत उद्धव ठाकरे यांनी सभेत तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची ‘साम, दाम, दंड, भेद’ वाली ऑडिओ क्लिप ऐकवली. आवाज आपलाच आहे, पण क्लिप मोडतोड करून ऐकवली, असं सांगत फडणवीस यांनी पूर्ण क्लिप जाहीर केली. कोण बरोबर यावर राजकारण झालंच. पण दोन्ही बाजू ऐकायला मतदाराला छोटी आणि मोठी, दोन्ही क्लिप ऐकाव्या लागल्या असत्या. फॉरवर्ड होताना मात्र छोटं तेच पुढे जातं.

शिकवून फरक पडतो का?

सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये हे तपासलं. १,२२४ जण या प्रयोगात होते. त्यातल्या काहींना खोटी बातमी कशी ओळखायची याचं सुमारे तासाभराचं प्रशिक्षण समोर बसून दिलं. एकूण फरक जवळपास पडलाच नाही. उलट, भाजपच्या समर्थकांच्या बाबतीत आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी ओळखण्याची क्षमता प्रशिक्षणानंतर कमी झालेली दिसली. एका तासात पक्षनिष्ठा बाजूला ठेवता येत नाही, हा त्यातला धडा.

मग बद्रिनाथन आणि सहकाऱ्यांनी पद्धत बदलली. बिहार सरकारच्या यंत्रणेला सोबत घेऊन ५८३ गावांतल्या सुमारे १३,५०० विद्यार्थ्यांसोबत नवा प्रयोग केला. यावेळी शिकवणं चार महिने चाललं आणि भर आरोग्याबद्दलच्या अफवांवर होता. ज्यांना शिकवलं, ती मुलं खरं-खोटं ओळखण्यात स्पष्टपणे पुढे होती. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर परिणाम टिकून होता आणि न शिकवलेल्या राजकीय अफवांमध्येही तो दिसला. शिवाय या मुलांचे आईवडीलही खोटी माहिती ओळखण्यात सुधारले होते.

ग्रुपवरचं एक वाक्य

प्रत्येक गावात असा वर्ग भरेपर्यंत काय करायचं? बद्रिनाथन आणि सायमन शोशार यांच्या आणखी एका प्रयोगात याचं उत्तर मिळतं. भारतातल्या सुमारे ५,१०० लोकांना त्यांनी ऑनलाइन प्रयोगात चॅट दाखवले. खोट्या मेसेजखाली ग्रुपमधल्याच कुणीतरी ‘हे खरं नाही’ असं लिहिलेलं असेल, तर वाचणाऱ्यांचा त्या मेसेजवरचा विश्वास बराच कमी झाला. धर्म किंवा समाजाशी जोडलेल्या अफवांच्या बाबतीतही हे दिसलं. सोबत पुरावा किंवा लिंक दिल्याने फार मोठा फरक पडत नव्हता. कुणीतरी हरकत घेणं हेच जास्त मोलाचं ठरलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर हे महत्त्वाचं आहे, कारण मेसेज एन्क्रिप्टेड असतात. बाहेरचा फॅक्ट-चेकर ग्रुपमध्ये डोकावू शकत नाही. तिथे दुरुस्ती करू शकणारे फक्त ग्रुपमधलेच लोक.

सालवडमध्ये याचा उपयोग काय?

बोईसरला लागून असलेल्या सालवडसारख्या गावाचं उदाहरण घ्या. शेजारी तारापूर एमआयडीसी. कामासाठी वेगवेगळ्या राज्यांतून आलेली माणसं, भाड्याच्या खोल्या, दर काही महिन्यांनी बदलणारे शेजारी. इथे अनोळखी चेहरा ही रोजची गोष्ट आहे. समजा रात्री ग्रुपवर ‘मुलं पळवणारी टोळी बोईसरला आली’ असा व्हिडिओ आला. किंवा एमआयडीसीतून मोठा आवाज झाला आणि दुसऱ्याच गावातल्या जुन्या आगीचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरू लागला. पहिल्या प्रकारात एखाद्या भाडेकरूच्या जिवावर बेतू शकतं, दुसऱ्यात घाबरून पळापळ होऊ शकते.

अशा वेळी संशोधनातून हाती येणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. व्हिडिओत दिसणारी जागा, पाट्यांवरची भाषा, गाड्यांचे नंबर आपल्या भागातले आहेत का, ते बघा. मेसेज कुठून आला, हे पाठवणाऱ्याला विचारा. ‘मामांनी पाठवला’ हे उत्तर पुरेसं नाही, मामांना कुणी पाठवला हा खरा प्रश्न. शंका असेल तर ग्रुपवरच ‘हे खरं वाटत नाही, फॉरवर्ड करू नका’ असं लिहा. आणि एखाद्या माणसाबद्दल खरोखर संशय असेल, तर गर्दी न जमवता ११२ नंबरवर फोन करा.

फक्त अ‍ॅपच्या मर्यादांवर विसंबून चालत नाही, हेही गडचिंचल्याने दाखवलं. खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल, हा नियम व्हॉट्सअ‍ॅपने ७ एप्रिल २०२० रोजी आणला. त्यानंतर असे मेसेज जगभरात ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. गडचिंचल्याची घटना या नियमानंतर नऊ दिवसांनी घडली. फोनवरची अफवा एकदा तोंडी फिरू लागली, की तिला कुठलीच मर्यादा लागू होत नाही.