एक गाव, एक तळं, एक पंगत

बिरवाडीच्या बाजारात घटकाभर उभं राहिलं, की ‘समाज’ हा शब्द चारदा तरी कानावर येतो. आमच्या समाजाची मीटिंग आहे, आमच्या समाजात असं चालत नाही, समाजाची वर्गणी काढलीय. शहरात शिकून आलेली मुलं तिथेच ‘कम्युनिटी’ म्हणतात. शब्द बदलला तरी अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: आपली जात, आपली भावकी, आपली वाडी. ‘कम्युनियन’ हा शब्द मात्र कुणी उच्चारत नाही. तो चर्चमधला, ख्रिस्ती लोकांच्या प्रभुभोजनाचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असं आपण धरून चालतो. माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. या दोन शब्दांमधलं अंतर ज्या ठिकाणी ढळढळीत दिसलं, ते महाडचं चवदार तळं आपल्याच तालुक्यात आहे.

आधी शब्दांचं पाहू. ‘कम्युनियन’मध्ये ‘युनियन’ दडलेलं आहे, म्हणून त्याचा अर्थ ‘एकत्र जुळणं’, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ती फोड चुकीची आहे. दोन्ही शब्द लॅटिन ‘कम्युनिस’वरून आले आणि त्याच्या पोटात ‘म्युनस’ आहे. म्युनस म्हणजे कर्तव्य, भार, देणं. गावकीत प्रत्येक घराच्या वाट्याला काम आणि वर्गणी येते, त्याच्या फार जवळची ही कल्पना. मूळ एक असलं तरी वापरात वाटा फुटल्या. कम्युनिटी म्हणजे माणसांचा समूह. कम्युनियन म्हणजे वाटून घेण्याची कृती, एका भाकरीत आणि एका पेल्यात सहभागी होणं. समूहात माणूस जन्मानेच येतो, कृती मात्र दर वेळी करावी लागते.

दुसरा समज असा, की माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली आणि त्यांचे सणवार सारखे असले, की त्यांचा समाज झालाच. याला सर्वांत नेमकं उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली ‘जातिभेद निर्मूलना’वरच्या भाषणात दिलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं हे भाषण त्यांना करू दिलं गेलं नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापलं. त्यांचा मुद्दा असा: जवळ राहिल्याने समाज होत नाही आणि रीतीभाती सारख्या असल्यानेही होत नाही. वेगवेगळ्या जाती तेच सण पाळतात, पण आपापल्या जागी, एकमेकींना समांतर. त्याने त्या एकजीव होत नाहीत. एकाच कामात सगळ्यांचा वाटा असावा लागतो, त्यातलं यश आणि अपयश प्रत्येकाला स्वतःचं वाटावं लागतं. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्या विचाराचा यात मोठा भाग आहे. पण बाबासाहेबांनी तो फक्त पुस्तकातून उचलला असं मला वाटत नाही. नऊ वर्षं आधी त्यांनी महाड पाहिलं होतं.

महाडबद्दलचा गैरसमज तर घराघरात आहे. तळं अस्पृश्यांना कायद्याने बंद होतं आणि सत्याग्रहाने ते उघडलं, असं मुलांना सांगितलं जातं. खरं तर परवानगी आधीच मिळालेली होती. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशांतून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षं तळं कागदावर उघडं होतं आणि काठावर बंद.

1927 च्या मार्चमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला लागणारं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. हे चाळीस रुपये मला कुठल्याही ठरावापेक्षा जास्त सांगतात. त्याच तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते, गुरंढोरं पाणी पीत होती. 20 मार्चला परिषदेतले लोक तळ्यावर चालत गेले, बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायलं आणि मागोमाग सगळ्यांनी. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर काठ्या पडल्या. पुढे 108 घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

म्हणजे एका नगरपालिकेच्या हद्दीत, एका बाजारात वावरणारी माणसं कम्युनिटी होतीच. नव्हतं ते कम्युनियन. ओंजळभर पाणी ही ती कृती होती. तहान हे कारण असतं, तर विकतच्या पाण्यावर भागलं असतं. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच स्पष्ट केलं आणि 1789 च्या फ्रान्समधल्या सभेशी महाडची तुलना केली. रोटीबंदी आणि बेटीबंदी सुटल्याशिवाय हे काम पुरं होत नाही, हेही तिथेच मांडलं. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याच्या खटल्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. न्यायालय पाण्यावरचा हक्क ठरवू शकतं. शेजाऱ्याच्या हातून पेला घेणं त्याच्या अखत्यारीत येत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती विसरली जाते. हा झगडा सरळ दोन जातींच्या रांगांमधला नव्हता. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण माणसं परिषदेत होती आणि दुसऱ्या परिषदेसाठी जागा दिली ती फत्तेखान यांनी. आपली जात सोडून ते दुसऱ्या जातीत गेले नाहीत. कामात वाटेकरी झाले.

उलट, विधीचं नाव कम्युनियन असलं म्हणजे ते घडतंच, असंही नाही. दक्षिणेतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये जात प्रभुभोजनापर्यंत पोचली होती, इतकी की 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना ती सोडा असं लेखी बजावावं लागलं.

आणि आपला काला? कम्युनियनला मराठीत एक शब्द सुचवा म्हटलं तर मी ‘काला’च सुचवीन. लाह्या, दही, सगळं कालवलेलं, एकमेकांच्या हातून घेतलेलं. पण वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडत असताना अस्पृश्यांसाठी पंढरपूरचं देऊळ बंदच होतं. ते उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

वारीवरच्या लेखात इरावती कर्वे यांनी आपल्या दिंडीतल्या ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या वेगळ्या पंगतींबद्दल लिहिलं आहे. वाट एक, अभंग एक, जेवण वेगळं. इरावतीबाई मराठा बायकांबरोबर जेवल्या, तेव्हा त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असंही म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारलं, की आता वागता तशाच तुम्ही तेव्हाही आमच्याशी वागाल का. तो प्रश्न इरावतीबाईंच्या जिव्हारी लागला.